ठसा आधी, माणूस नंतर : अंगुलिमुद्रा विभागाची देखरेख कशी करावी

पर्यवेक्षकाच्या खुर्चीत बसल्यावर पहिले काही महिने हात नुसते शिवशिवतात. वर्षानुवर्षं भिंगाला डोळा लावून काम केलेलं असतं, त्यामुळे शेजारच्या टेबलावर कुणी अडलेलं दिसलं की "बघू दे जरा" म्हणत खुर्ची ओढावीशी वाटते. मीही ओढली आहे. त्या क्षणी त्या केसमधली स्वतंत्र तपासणी संपली, हे मला बरंच उशिरा उमगलं. वरिष्ठांनी पडद्यावर बोट ठेवून "हा बघ, इथे रेषेला फाटा आहे" म्हटलं की कनिष्ठाला तिथे फाटाच दिसतो. नसला तरी दिसतो.

ठसे जुळवणं आणि जुळवणाऱ्यांवर देखरेख ठेवणं ही दोन निरनिराळी कामं आहेत. दुसऱ्या कामात तुमची नजर किती तयार आहे याला फारसं महत्त्व नाही. कुणासमोर काय यावं आणि कधी यावं, हे तुम्हाला सांभाळायचं असतं. रसायनं कोणत्या क्रमाने वापरायची, माहिती कोणत्या क्रमाने द्यायची, मतं कोणत्या क्रमाने नोंदवायची, हे तीन क्रम जागेवर राहिले तर साधारण तयारीचा तज्ज्ञही भरवशाचं काम देतो. ते मोडले तर निष्णात माणसं फसतात, आणि एकटीदुकटी फसत नाहीत, ओळीने फसतात. विभागात दोनच तज्ज्ञ असोत की वीस, पुढची पद्धत थोड्याफार फरकाने लागू पडते.

पत्र तुमच्या टेबलावर थांबू द्या

मुद्देमालाबरोबर तपास अधिकाऱ्याचं पत्र येतं. त्यात दोन तऱ्हेची माहिती एकत्र कालवलेली असते. वस्तू कुठे सापडली, ओली होती का, कोणत्या पृष्ठभागावर काय करून पाहिलंय, घरातल्या किंवा ऑफिसातल्या कोणकोणत्या माणसांचे हात तिला सहज लागले असतील, ही झाली कामाची माहिती. संशयिताने कबुली दिली आहे, त्याच्यावर आधीचे गुन्हे आहेत, कॅमेऱ्यात त्याच्यासारखाच माणूस दिसतो, ही तपासाच्या कामाची असेल, पण ठशाच्या कामाची नाही.

म्हणून पहिली पायरी अशी की हे पत्र तज्ज्ञाच्या हाती पडू द्यायचं नाही. तुम्ही स्वतः, किंवा तुलना न करणारा एखादा सहकारी, ते वाचून कामापुरती माहिती एका वर्कशीटवर उतरवून घ्या आणि मूळ पत्र फाईलमध्ये बंद करा. काही जणांना हा अविश्वास वाटतो. "आम्ही काय कबुलीवरून ठसे जुळवतो का?" असं मला तोंडावर विचारलं गेलंय. त्यावर मी २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगाची गोष्ट सांगते. माणसाचा मेंदू निर्णय कसे घेतो याचा अभ्यास करणारे इतियल ड्रोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच अनुभवी तज्ज्ञांना, त्यांनी स्वतःच काही वर्षांपूर्वी जुळतात म्हणून सही केलेल्या ठशांच्या जोड्या पुन्हा दाखवल्या. फक्त सोबत सांगितलं की एका गाजलेल्या प्रकरणात चुकीने जुळवलेली जोडी ती हीच. पाचपैकी चौघांचं मत बदललं. तिघे जुळत नाही म्हणाले, एकाला निर्णयापुरती माहिती नाही असं वाटलं. जोडी तीच, डोळे तेच, बदलली होती ती फक्त सोबतची गोष्ट. यात लबाडी कुणाचीच नव्हती, आणि खरी काळजी करण्यासारखी गोष्ट तीच आहे.

सील, लेबल, वस्तूंची संख्या आणि पत्रातली यादी हे ताडून पाहणं तुमच्या हाताखालच्यांना येतंच, त्यावर लांबण लावत नाही. एकच सांगते: वस्तू कशी बांधून आली याचा फोटो उघडण्याआधी घ्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत सैल टाकलेली बाटली प्रवासभर पिशवीला घासत आली असेल, तर ठसा का मिळाला नाही याचं उत्तर त्या एका फोटोत असतं.

कुणाचा हात आधी लागणार

एकाच वस्तूवर डीएनए, हस्ताक्षर, रक्त आणि ठसे अशा चार विभागांचा दावा असू शकतो. कोण आधी, हे त्या विभागांच्या प्रमुखांनी मिळून ठरवून, लिहून, सह्या करून मग वस्तू हलवायची. धमकीच्या चिठ्ठीवर निनहायड्रिनचा, म्हणजे कागदावरचे ठसे उमटवणाऱ्या रसायनाचा, फवारा आधी मारला की शाई पसरते आणि हस्ताक्षरवाले हात चोळत बसतात. कागदावर उमटलेले लेखणीचे दाबही तेव्हा गेलेले असतात. पावडरचा एकच ब्रश दहा वस्तूंवर फिरवला, तर एकाचा डीएनए दुसऱ्याच्या वस्तूवर जाऊ शकतो. एकदा वापरून फेकायचे ब्रश महाग वाटले तरी गंभीर गुन्ह्यात तेच वापरायला लावा.

मग रसायनांचा क्रम. मूळ नियम सोपा आहे: ज्याने कमीत कमी नुकसान होतं ते आधी. नुसत्या डोळ्यांनी आणि तिरप्या प्रकाशात बघा, मग निरनिराळ्या तरंगलांबीच्या प्रकाशात बघा, त्यानंतर रसायनांकडे वळा. कोरड्या कागदासारख्या शोषून घेणाऱ्या पृष्ठभागावर आधी डीएफओ हे निनहायड्रिनच्याच जातीचं रसायन, त्यानंतर निनहायड्रिन आणि शेवटी फिजिकल डेव्हलपर हा बराच रुळलेला क्रम आहे. पहिली दोन घामातल्या अमिनो आम्लांशी प्रक्रिया करतात. कागद भिजून वाळलेला असेल तर ती आम्लं वाहून गेलेली असतात. अशा कागदावर निनहायड्रिनची वाट बघण्यात अर्थ नाही, तिथे स्निग्ध अंश पकडणारं फिजिकल डेव्हलपरच काम करतं. काच, प्लॅस्टिक, धातू यांवर सुपरग्लूची वाफ द्या, मग रंगद्रव्य. चिकटपट्टीच्या चिकट बाजूला क्रिस्टल व्हायोलेट हा जांभळा रंग. रक्तात उमटलेला ठसा असेल तर आधी फोटो, मग अमिडो ब्लॅकसारखा प्रथिनं रंगवणारा रंग. तिथे सवयीने सुपरग्लूच्या पेटीकडे धावू नका, त्याने रंग नीट चढत नाही.

हा क्रम भिंतीवर टांगून देखरेख होत नाही. प्रत्येक वस्तूसाठी योजना कागदावर उतरली पाहिजे, आणि रसायनाची बाटली उघडण्याआधी त्यावर दुसऱ्या माणसाची सही पाहिजे. हा नियम मी एका पावतीमुळे केला. संशयास्पद सामानात एक छापील पावती होती. गडबडीचा दिवस होता, मी "कागदच आहे, निनहायड्रिनला टाक" म्हणून पुढे गेले. थोड्या वेळाने मुलगा ट्रे घेऊन आला तेव्हा पावती काळीठिक्कर पडलेली. तो थर्मल कागद होता. त्यावरच्या लेपाला अल्कोहोल किंवा ॲसिटोनसारखा विद्रावक लागला की तो काळा पडतो. छापलेला मजकूरही गेला, ठसाही गेला. असा कागद ओळखायला क्षणभर पुरतो: फोटो काढून झाल्यावर अगदी टोकाच्या कोपऱ्यावर नखाने हलकी रेघ ओढायची. रेघ काळी उमटली तर कागद थर्मल, आणि त्याला वेगळं द्रावण लागतं. विभागाच्या चूक-नोंदवहीतली पहिली नोंद तीच आहे, माझ्या अक्षरात.

रसायनांच्या खोलीत रोज पाहायच्या गोष्टी फार नाहीत, पण चुकवून चालत नाही. प्रत्येक द्रावणाच्या बाटलीवर तयार केल्याची तारीख हवी. प्रत्येक खेपेबरोबर मुद्दाम उमटवलेल्या ठशाची एक चाचणी पट्टी आणि एक कोरी पट्टी जायला हवी. चाचणी पट्टीवर ठसा उमटला नाही, तर त्या खेपेतल्या कोणत्याही वस्तूबद्दल "ठसा मिळाला नाही" असं लिहिण्याचा अधिकार आपल्याला नाही. सुपरग्लूच्या पेटीत आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास ठेवायची आणि काळ्या प्लॅस्टिकवरच्या नमुना ठशावर नजर ठेवून वाफ थांबवायची. वाफ कमी पडली तर परत देता येते. जास्त झाली की सगळा पृष्ठभाग पांढरा होतो, रेषा आणि खाचा एक होतात आणि तिथून परतीची वाट नाही. निनहायड्रिनचं उलट आहे. उष्णता आणि आर्द्रता देऊन ते लवकर उमटतं हे खरं, पण काही ठसे पुढे दिवसेंदिवस गडद होत राहतात. संध्याकाळी पाहिलं, काही दिसलं नाही आणि फाईल बंद केली, असं होऊ देऊ नका. पुन्हा पाहण्याची तारीख वर्कशीटवरच छापून ठेवा.

फोटो काढला म्हणजे ठसा जपला, असं नाही

प्रत्येक टप्प्यानंतर फोटो हवा, कारण पुढचं रसायन मागचा ठसा पुसू शकतं. मोजपट्टी ठशाच्याच पातळीत, कॅमेरा काटकोनात. सुप्त ठशासाठी, म्हणजे घटनास्थळी नकळत उमटलेल्या, नुसत्या डोळ्यांना सहसा न दिसणाऱ्या ठशासाठी, प्रत्यक्ष आकारमानात इंचाला १००० पिक्सेल मिळतील इतक्या जवळून टिपायचा. मूळ फाईलला कुणीही हात लावायचा नाही, उजळ-गडद करायचं ते प्रतीवर, आणि काय केलं ते नोंदवायचं. या सगळ्यापेक्षा पर्यवेक्षकाने स्वतः तपासाव्यात अशा दोन गोष्टी आहेत. ठसा उलटा तर नाही ना? जिलेटिनच्या पट्टीवर उचललेला ठसा आरशातल्यासारखा डावा-उजवा होतो, आणि तसाच तुलनेला गेला की खरा माणूससुद्धा सुटतो. दुसरं म्हणजे रंग. काळ्या पृष्ठभागावर सुपरग्लूने आलेल्या रेषा पांढऱ्या असतात, फिकट पृष्ठभागावर काळ्या पावडरने आलेल्या काळ्या. फोटो उलट रंगात छापला गेला तर तज्ज्ञ रेषांऐवजी खाचा वाचत बसतो. दिशा आणि रंग, दोन्हींच्या चौकटी वर्कशीटवर ठेवा आणि फोटोग्राफरची सही त्यांच्या खालीच घ्या.

ओळखीचा ठसा बंद पाकिटात

तुलनेची रुळलेली पद्धत चार पावलांची: विश्लेषण, तुलना, मूल्यमापन, पडताळणी. चारही पावलं सगळ्यांना पाठ असतात आणि पहिलं बहुतेक जण पळत उरकतात. देखरेखीतलं सगळ्यात मोलाचं काम मला विचाराल तर हेच: पहिलं पाऊल पूर्ण होईपर्यंत संशयिताच्या ठशांचा तक्ता तज्ज्ञाला द्यायचा नाही. अगदी बंद पाकिटात, तुमच्या कपाटात.

घटनास्थळावरचा ठसा एकटा समोर ठेवून तज्ज्ञाने लिहायचं की हा बोटाचा आहे की तळव्याचा, वर कोणती बाजू, प्रवाह कसा, दाब कुठे जास्त, कुठे घसरलंय, कुठे दोन स्पर्श एकमेकांवर आलेत. मग रेषा कुठे संपतात, कुठे फुटतात, बेट कुठे आहे, त्या जागा खुणावायच्या. खुणांना रंग द्यायची एक चांगली पद्धत आहे: पक्की खात्री असेल तिथे हिरवा, मध्यम खात्रीला पिवळा, शंका असेल तिथे लाल. यानंतर ठसा तुलनेयोग्य आहे की नाही हे लिहून, तारीख-वेळ टाकून ती प्रत बंद करायची. मग पाकीट उघडायचं. ओळखीचा ठसा पाहिल्यानंतर सुप्त ठशात नव्याने जे काही "सापडेल", त्याला नारिंगी.

फाईल तपासताना मी शेवटचा निष्कर्ष आधी वाचतच नाही. आधी नारिंगी मोजते. बारा खुणांपैकी दोन नारिंगी असतील तर चालतं, माणसाची नजर तुलनेत सरावते. नारिंगी सात आणि हिरव्या तीन असतील, तर तज्ज्ञाने सुप्त ठसा वाचलेला नाही. त्याने संशयिताचा ठसा वाचला आणि तो सुप्त ठशावर शोधला. अशी फाईल माझ्या सहीने बाहेर पडत नाही, मग निष्कर्ष बरोबर का असेना.

हा उलटा प्रवास कुठवर नेतो याचं उदाहरण २००४चं आहे. ११ मार्चला माद्रिदमध्ये रेल्वेगाड्यांत स्फोट झाले. डिटोनेटर असलेल्या एका प्लॅस्टिकच्या पिशवीवरचा ठसा एफबीआय या अमेरिकेच्या तपास संस्थेने संगणकावर शोधला. यंत्राने २० उमेदवार दिले. त्यातल्या चौथ्याशी, अमेरिकेतल्या एका वकिलाशी, ठसा जुळल्याचं मत झालं. पडताळणी झाली, आणखी एका वरिष्ठाने पाहिलं, तिघांचं एकमत. पुढे न्यायालयाने नेमलेला स्वतंत्र तज्ज्ञही हो म्हणाला. स्पेनच्या पोलिसांनी १३ एप्रिललाच आपलं मत नकारार्थी कळवलं होतं, तरी मे महिन्यात त्या माणसाला ताब्यात घेतलं. दोन आठवड्यांनी स्पेनच्या पोलिसांनी तोच ठसा एका अल्जेरियन माणसाचा असल्याचं सांगितलं, तेव्हा तो सुटला. नंतरच्या चौकशीत जे निघालं ते दर पर्यवेक्षकाने वर्षातून एकदा वाचावं. ठसे खरोखरच चमत्कारिकरीत्या सारखे होते. पण आधी काही खुणा जुळल्यावर बाकीच्या खुणा वकिलाच्या ठशाकडे बघून सुप्त ठशात वाचल्या गेल्या. वरचा डावा भाग जुळत नव्हता, तर तो वेगळ्या स्पर्शाचा असेल असं म्हणून बाजूला ठेवला. आणि बाहेरून नकार आला तेव्हा पुन्हा कोऱ्या नजरेने कुणी पाहिलं नाही.

यंत्राच्या यादीचं काय करायचं

एके काळी दहा बोटांच्या नमुन्यांवरून तक्ते १०२४ गटांत लावले जात. कलकत्त्यात बंगालचे पोलीसप्रमुख एडवर्ड हेन्री यांच्या हाताखाली अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी त्या वर्गीकरणात मोठा वाटा उचलला, आणि १८९७ मध्ये तिथलं अंगुलिमुद्रा केंद्र त्याच पायावर उभं राहिलं. आता संगणक लाखो तक्ते काही मिनिटांत चाळतो. पण तो जुळवत नाही, जवळचे निवडतो. हा फरक नवीन माणसाच्या गळी उतरवणं हे तुमचं काम. संग्रह जितका मोठा, तितका त्यात आपल्या ठशासारखा भासणारा पण दुसऱ्याच माणसाचा ठसा असण्याचा संभव जास्त. जुन्या काळी पोलीस संशयित आणून देत, त्याचा ठसा योगायोगाने इतका सारखा निघणं दुर्मिळ होतं. यंत्र मात्र सारखेच शोधून आणायला बसवलेलं आहे. म्हणून यंत्राच्या यादीतून आलेल्या जुळणीला तुमच्या विभागात जास्त कडक कसोटी हवी, निदान दुसरी पूर्ण आंधळी पडताळणी तरी, म्हणजे आधीच्यांचं मत कळू न देता केलेली.

शक्य असेल तर यादीतले क्रमांक आणि गुण लपवून, उमेदवार पुढेमागे करून तज्ज्ञाला द्या. पहिल्या क्रमांकावर असलेल्याकडे माणसाचं मन आधीच झुकतं आणि तळाच्या उमेदवारावर नजर घाईत फिरते, हे प्रयोगांतही दिसून आलं आहे. आणि शोध रिकामा आला तर अहवालात "संग्रहात नाही" असं लिहू देऊ नका. "या शोधात जुळणी मिळाली नाही" इतकंच खरं असतं. ठसा नव्वद अंशांनी फिरवून पुन्हा शोधला आणि मिळाला, असं झालेलं मी पाहिलंय.

किती खुणा पुरे?

हा प्रश्न दर शिकाऊ मुलगा पहिल्या आठवड्यात विचारतो. फ्रेंच न्यायवैद्यक तज्ज्ञ एदमाँ लोकार यांनी १९१४ मध्ये बाराहून अधिक स्पष्ट खुणांची कसोटी मांडली. इंग्लंडमध्ये बरीच वर्षं सोळाचा आकडा होता, तो २००१ मध्ये काढून टाकला. ओळख पटवणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७३ मध्येच ठराव केला होता की किमान आकड्याला शास्त्रीय आधार नाही. तरी अनेक ठिकाणी आकड्याचा नियम आहेच. तुमच्याकडे असेल तर तो पाळा, फक्त त्याला उंबरठा समजा, घर समजू नका. गर्दीच्या मध्यभागी सापडलेले आठ साधे शेवट आणि एकमेकांजवळ असलेले चार विलक्षण फाटे यांची किंमत एका तागडीत होत नाही. उलट बाजूने मात्र एक नियम माझ्याकडे ताठ आहे: समजावून सांगता न येणारा एकही फरक असेल तर जुळणी नाही. "दाबामुळे असेल" हे स्पष्टीकरण चालतं, पण तो दाब विश्लेषणाच्या बंद प्रतीत आधीच नोंदवलेला असला तरच.

सगळे चुकीच्या जुळणीला घाबरतात आणि चुकीच्या नकाराकडे कुणी बघत नाही. २०११ मध्ये अमेरिकेत १६९ तज्ज्ञांवर मोठा अभ्यास झाला. चुकीची जुळणी ०.१ टक्का निघाली, चुकीचा नकार ७.५ टक्के. दर शंभर तज्ज्ञांतल्या सुमारे ८५ जणांनी निदान एकदा तरी खऱ्या माणसाला नाकारलं होतं. त्यामुळे नकाराचीही पडताळणी लावा. नकाराची फाईल आली की मी तीनच गोष्टी विचारते: ठशाची दिशा नक्की होती का, बोटाचं टोक आणि कडा तक्त्यात आल्या आहेत का, तळवा मागवला का? सपाट दाबून घेतलेल्या तक्त्यात बोटाची बाजूच नसेल तर नकार कशाच्या जोरावर? तिथे योग्य उत्तर "पुरेसे नमुने नाहीत" हे आहे, आणि त्याच दिवशी नीट फिरवून घेतलेल्या तक्त्याची मागणी गेली पाहिजे.

पडताळणी : कुणाला, कशी

याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट कामाची आहे. चुकीच्या जुळण्या एकूण सहा होत्या, पण एकाच जोडीवर दोन तज्ज्ञ चुकले असं एकदाही झालं नाही. म्हणजे दुसरी नजर खरोखर स्वतंत्र असेल तर अशा चुका सापडायला हव्यात. सगळी मेख "स्वतंत्र" या शब्दात आहे.

पडताळणारा कोण हे तज्ज्ञाने निवडायचं नाही, तुम्ही निवडा. नाहीतर प्रत्येकाचा एक ठरलेला मित्र असतो. त्याला फक्त ठसा आणि तक्ता द्या: पहिल्याच्या खुणा नकोत, निष्कर्ष नको, नाव नको. आणि फक्त जुळलेल्या केस पडताळणीला पाठवू नका. तसं केलंत की टेबलावर आलेली प्रत्येक जोडी जुळलेलीच आहे हे त्याला आपोआप कळतं, मग आंधळेपणाचं नाटक कशाला? जुळलेल्या, नाकारलेल्या, अनिर्णित, सगळ्या मिसळून द्या.

एकदा एक ज्युनियर मुलगी दारात येऊन घुटमळली. "मॅडम, मला ही जोडी पटत नाहीये. पण सरांची सही झालीय ना."

"सही झालीय हे तुला कुणी सांगितलं?"

तिने पाकीट उलटं केलं. मागे पेन्सिलीने दोन आद्याक्षरं होती, पाकीट परत कुणाकडे द्यायचं ते लक्षात राहावं म्हणून लिहिलेली. तेव्हापासून पडताळणीची पाकिटं दर वेळी नवी असतात आणि ती माझ्या टेबलावरून जातात, माझ्याच टेबलावर परत येतात. त्या जोडीचं पुढे काय झालं म्हणाल, तर आधी ती तिसऱ्या माणसाकडे गेली.

दोघांचं पटलं नाही तर

मतभेद झाला म्हणजे पद्धत चालते आहे. तो कॉरिडॉरमध्ये, चहाच्या कपावर मिटवू देऊ नका. दोघांची मूळ मतं, तारखांसह, आहे तशी फाईलमध्ये राहतील हे आधी सांगून टाका. मग दोघांना आपापल्या बंद प्रती घेऊन बसवा. चर्चा ठशावर व्हायला हवी: "या जागी मला शेवट दिसतो, तुम्हाला फाटा का दिसतो?" नोकरीची वर्षं आणि आजवरच्या साक्षी मोजायला लागलात तर बैठक संपवा. कुणाचं मत बदललं तर का बदललं, हे त्यानेच लिहायचं. नाही बदललं तर तिसरा तज्ज्ञ, पुन्हा आंधळा. तरीही दोन विरुद्ध एक राहिलं तर हात वर करून मोजणी करायची नसते. अशा ठशावर मी "अनिर्णित" सही करते आणि मतभेद झाल्याचं अहवालात लिहिते. तपास अधिकारी वैतागतात. वैतागू देत.

तुमचं स्वतःचं मत? ते शेवटीही देऊ नका, जोवर तुम्ही त्या केसमध्ये रीतसर तज्ज्ञ म्हणून, बंद पाकिटापासून सुरुवात केलेली नाही.

अहवालाची भाषा

इथे माझा लाल पेन सर्वांत जास्त चालतो. "शंभर टक्के", "निःसंशय", "चुकीचा संभव शून्य" हे शब्द दिसले की खोडायचे. स्कॉटलंडमध्ये १९९७ च्या एका खुनाच्या तपासात घटनास्थळावरचा ठसा एका पोलीस महिलेचा असल्याचं चार तज्ज्ञांनी सांगितलं. ती तिथे गेलेच नव्हते म्हणत राहिली, तिच्यावर खोट्या साक्षीचा खटला चालला आणि ती निर्दोष सुटली. २०११ मध्ये चौकशीचा अहवाल आला: ठसा तिचा नव्हता, आणि ठशाबद्दलचा निष्कर्ष हे वस्तुस्थितीचं विधान नसून तज्ज्ञाचं मत आहे, असं मानलं जावं अशी शिफारस झाली. तुमच्या अहवालात "माझ्या मते" हा शब्द असलाच पाहिजे, आणि त्या मताला कसं पोहोचलो याची नोंद फाईलमध्ये.

ठसा कधीचा आहे हे सांगण्याची विश्वासार्ह पद्धत हाताशी नाही, तेव्हा "ताजा ठसा" वगैरे लिहू देऊ नका. उलट, तो वस्तूवर कुठे आणि कोणत्या दिशेने होता हे मात्र नेमकं लिहायला लावा. खिडकीच्या काचेच्या आतल्या बाजूला, बोटं खाली वळलेली, या एका ओळीवर खटला फिरू शकतो. "ठसा मिळाला नाही" याचा अर्थ "स्पर्श झाला नाही" असा नाही, हे वाक्य अहवालातच छापून घ्या, म्हणजे साक्षीच्या वेळी पिंजऱ्यात सुचायची वेळ येत नाही.

माणसं

तुलनेचं काम सलग किती तास करू द्यायचं, याचा आकडा माणसागणिक बदलतो, पण दुपारनंतरच्या फायली वेगळ्या दिसतात हे फायली चाळूनच कळतं. अवघड ठसे सकाळी वाटा. वार्षिक प्रावीण्य चाचणी घ्याच, मात्र आपली परीक्षा चालू आहे हे सगळ्यांना माहीत असतं तेव्हा सगळेच हुशार असतात. जमेल तेव्हा खोटी केस खऱ्या केसच्या वेष्टनात, खऱ्या नंबराने, नेहमीच्या वाटेने आत सोडा. ह्यूस्टनची न्यायवैद्यक प्रयोगशाळा असं नियमित करते. आपल्याकडे वर्षातून दोन जमल्या तरी पुष्कळ. तज्ज्ञ कोर्टात साक्ष देतो तेव्हा एखाद्या वेळी मागच्या बाकावर जाऊन बसा. टेबलावर सावध असणारा माणूस उलटतपासणीत चिडून "शंभर टक्के" म्हणून मोकळा होतो, हे तिथेच कळतं.

चूक सापडली त्या दिवशी

सापडणार आहे. त्या दिवशीचा क्रम आधीच लिहून ठेवा, कारण त्या दिवशी डोकं शांत नसतं. ती फाईल ताबडतोब तुमच्या ताब्यात, सगळ्या प्रती जशाच्या तशा. अहवाल बाहेर गेला असेल तर तपास अधिकाऱ्याला त्याच दिवशी लेखी कळवा, खटला उभा असेल तर कोर्टाला आणि त्यामार्फत बचाव पक्षालाही. चूक नक्की कशी झाली हे नंतर सावकाश शोधा. कुणीतरी कोठडीत असू शकतं, तेवढी सवड त्याला नाही. मग त्याच तज्ज्ञाच्या, त्याच पडताळणाऱ्याच्या आणि त्याच पद्धतीच्या मागच्या फायली काढा. त्या पुन्हा पाहणारी माणसं दुसरी हवीत, शक्य तर दुसऱ्या प्रयोगशाळेची. त्यांना नुसते ठसे आणि तक्ते पाठवा, नव्या पाकिटांत. फाईली का आल्या आहेत ते त्यांनाही सांगू नका.

दुरुस्त अहवालाला नवा क्रमांक द्यायचा, जुना फाडायचा नाही. त्यावर आडवी रेघ, "रद्द", तारीख, सही, आणि नव्या अहवालाचा क्रमांक. नोंदवहीत पुढची नोंद ज्याच्या हातून चूक झाली त्याने स्वतः करायची. लिहायला पेन उचलत नसेल तर मी पहिलं पान उघडून त्याच्यापुढे ठेवते, काळ्या पडलेल्या पावतीचं.